जावयाला गोळ्या

मास्तरांना मुलगी नव्हती, पण जावई होता. तो काचेच्या टाकीत राहायचा, दिवसभर काडीचं काम करायचा नाही आणि जेवणाला नावं ठेवायचा. त्याचं हे नाव मास्तरांच्या बायकोनं पाडलं होतं आणि ते असं चपखल बसलं की गिऱ्हाइकंसुद्धा कापड टाकताना आधी जावयाची चौकशी करायची.

जावई म्हणजे ऑस्कर मासा. तळहाताहून मोठा, काळं अंग, त्यावर नारिंगी डाग आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. एक गिऱ्हाईक घर बदलताना ‘चार दिवस ठेवा’ म्हणून त्याला टाकीसकट ठेवून गेलं, आणि ते चार दिवस काही संपेनात. मास्तर शिंपी माणूस. दुसऱ्याची वस्तू सांभाळायची सवय, त्यांनी मासाही सांभाळला. टाकी दुकानात शिलाई मशीनच्या शेजारी बसली. दुकानामागे पडदा होता आणि पडद्यामागे घर.

अडचण एकच होती. जावयाला जिवंत मासोळ्या लागायच्या. मास्तर त्या पिशवीतून आणायचे, टाकीत सोडायचे आणि पडद्यामागून बायको विचारायची, झालं का तुमच्या जावयाचं? झालं म्हटल्याशिवाय ती दुकानात पाऊल टाकत नसे. झुरळालासुद्धा केरसुणीनं दाराबाहेर पोचवून येणारी बाई ती.

अशात मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जन्मभर पायानं मशीन मारलेली, गुडघा तरी किती दिवस गप्प बसणार? दवाखान्यात मुक्काम करावा लागणार होता. बायकोनं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

"तुमचं काय हवं ते करीन. पण माझ्या हातानं जिता जीव त्याच्या तोंडी देणार नाही. तुम्ही जायच्या आत तो सुक्या खाद्याच्या गोळ्या खायला लागला तर ठीक, नाहीतर शोभेच्या माशांच्या दुकानात देऊन टाका."

मास्तरांनी वाद घातला नाही. बायकोचा शब्द म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी तिला शिवण शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच सदऱ्याला तिनं डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. मास्तरांनी तो सदरा गिऱ्हाइकांसमोर उंच धरला आणि पोट धरून हसले. ती मशीनवरून उठली, ती आजतागायत परत बसली नव्हती. मास्तर तो किस्सा अजून रंगवून सांगायचे आणि ती अजून हसत नव्हती.

माशांच्या दुकानदारानं सल्ला दिला, उपाशी ठेवा, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. मास्तरांनी ठेवलं. जावयाला कोंडा मंजूर नव्हता. गोळी पडली की तो ती तोंडात घ्यायचा, क्षणभर घोळवायचा आणि थू करून बाहेर टाकायचा. गुडघ्याच्या गोळीशी मास्तर स्वतः नेमकं हेच करत असल्यामुळे त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

दुकानदार मग म्हणाला, त्याला जिवंत नको असतं हो, हलतं हवं असतं. मेलेली मासोळी दोऱ्याला लावून नाचवा, मग हळूहळू तिच्या जागी गोळी आणा. मास्तर दोरा धरून टाकीपाशी बसले. हात भरून आला, इकडे शिवणं तुंबली, गिऱ्हाइकं दारात येऊन ओरडू लागली. तेव्हा त्यांच्यातला कारागीर जागा झाला. मशीनवर दोरा वर-खाली ओढणारी पट्टी असते. मास्तरांनी तिला एक लांब दोरा बांधला, भिंतीवरच्या खिळ्यावरून नेला आणि टाकीत सोडला. पाय मारला की मशीन खडखड करायची, इकडे सदरा शिवून व्हायचा आणि तिकडे मासोळी पाण्यात नाचायची. जावयानं झडप घातली. पुढे गोळी सुईनं ओवून, गाठ न मारता सोडली, तीही त्यानं ओढून नेली. शेवटी दोराही काढला. मशीन चालू असताना मास्तर नुसती चिमूट टाकायचे आणि जावई मुकाट्यानं जेवायचा. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला पडद्याबाहेर बोलावलं आणि ऐटीत गोळ्या टाकल्या. जावयानं पाठ फिरवली. पुन्हा टाकल्या, तो कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत बसला. गोंधळलेले मास्तर सवयीनं मशीनवर बसले, पाय हलला, खडखड सुरू झाली आणि जावई तीरासारखा वर आला.

मग डोक्यात उजेड पडला. मास्तरांनी त्याला गोळ्यांची सवय लावलीच नव्हती, मशीनची लावली होती.

"रोज जरा वेळ पाय मारावा लागेल," मास्तर चाचरत म्हणाले.

बायकोनं मशीनकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पडद्यामागे गेली.

दवाखान्यात मास्तरांना गुडघ्यापेक्षा जावयाची काळजी जास्त. बायको डबा घेऊन यायची. विचारलं की ‘खातोय’ एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. मास्तरांनी ओळखलं, दिला असणार देऊन. बरोबरच होतं तिचं. कुठल्या तोंडानं बोलणार? पण त्या जाडजूड, तुसड्या प्राण्यावाचून दुकान कसं दिसेल या विचारानं त्यांना रात्री झोप लागेना.

सोडायच्या दिवशी त्यांना आणायला शेजारी गेला. मास्तर काठी टेकत गल्लीत शिरले आणि जागच्या जागी थांबले. त्यांच्या दुकानातून खडखड ऐकू येत होती. मधेच अडत होती, पुन्हा धावत होती, पण मशीन त्यांचीच होती.

आत बायको मशीनवर बसली होती. मांडीवर कापड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी टाकीत जावई गोळ्या मटकावत होता.

मास्तर स्टुलावर टेकले. "जावयासाठी एवढं केलंस तू," ते म्हणाले.

"जावयाचं काय घेऊन बसलात?" ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही गेलात आणि घर गप्प झालं. ताट वाढून घेतलं, पण हा आवाज नाही म्हणून घासच उतरेना. मग ताट घेऊन इथे येऊन बसले. चार घास खायचे, जरा पाय मारायचा. तो पण जेवायचा, मी पण."

मास्तरांनी डोळे पुसले आणि उगाच तिच्या मांडीवरच्या कापडाकडे बघितलं. सदरा होता, त्यांच्याच मापाचा. डावी बाही ती उजवीकडे जोडत होती.

त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, गोळ्यांच्या डब्यातली चिमूट घेतली आणि टाकीत टाकली.

"मार पाय," ते म्हणाले, "छान चाललंय."