बाटलीभर थुंकी

आधी हातातला चहा संपवा बायांनो, कारण गोष्ट थुंकीची आहे. नाहीतर म्हणाल, शालननं चहाची चव घालवली! संपला? हां. तर माझं एका माणसाशी जमता जमता राहिलं, ते माझ्याच थुंकीपायी. आत्तापासून हसताय काय? अजून सुरुवात तरी झाली का?

तेव्हा मी लोधिवलीकडे आत्याजवळ राहायचे. आई लहानपणीच गेलेली, वडील माथेरानला हॉटेलात कामाला. मी बालवाडीत शिकवायचे. वय लग्नाचं, आणि अक्कल? ती अजून यायची आहे.

त्या साली मुंबईच्या कुठल्याशा लॅबोरेटरीतून वाघमारे नावाचे तरुण गृहस्थ आमच्या वस्तीत आले. खांद्याला बर्फाचा थर्मास, खिशाला पेन. दारात येऊन "जय भीम" म्हणाले आणि असे हसले, की मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी पायावरच सांडला.

काम त्यांचं असं, की तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या थुंकीत तंबाखूचा अंश किती उतरतो, ते तपासायचं.

"आमी नाय तंबाखू खात, डाक्टर," आत्या ठसक्यात म्हणाली. "निस्ती मशेरी लावतो दातांना."

"आत्या, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की. आणि मी डॉक्टर नाही हो."

"असू द्या डाक्टर."

मग त्यांनी सांगितलं, ज्या लावत नाहीत त्यांची थुंकी एकदाच घेणार, तुलनेपुरती. ज्या लावतात त्यांच्याकडे मात्र दर महिन्याला येणार. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही लावता का मशेरी?"

आता तुम्हीच सांगा, तुम्ही 'नाही' म्हटलं असतं?

"लावते की!" मी म्हटलं. "उठता बसता लावते!"

आत्याला ठसकाच लागला. अहो, जन्मात मी मशेरीच्या डबीला बोट लावलं नव्हतं. उलट त्या डबीवरून मी तिच्याशी रोज भांडायचे!

वाघमाऱ्यांनी बाटली पुढे केली. आवडलेल्या माणसासमोर कधी थुंकून बघा! तोंडाला कोरड पडली. आत्या म्हणाली, "चिचेची आठवण काढ गं." मी चिंच आठवली, कैरी आठवली, आवळा आठवला. भिंतीकडे तोंड करून कशीबशी बाटलीच्या बुडाशी थुंकी जमवली. ती त्यांनी उन्हाकडे धरून पाहिली, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो महिना कसा गेला विचारू नका. हायवेवर एस.टी. थांबली, की पोरं गाणं म्हणत राहायची आणि बाई खिडकीत!

महिन्यानं आले ते हसतच. "तुमच्या थुंकीत तर काहीच सापडलं नाही."

माझं धाबं दणाणलं. "त्या दिवशी लावायची राहिली असेल."

"एक दिवस राहिली तरी थोडा अंश उरतोच." आणि अजून हसतायत! "आज बाटल्या संपल्यात, पुढच्या खेपेला परत घेऊ. तो रिपोर्ट बघून ठरवू काय ते."

मी काय समजावं? रिपोर्ट परत कोरा आला, की माझं नाव कटणार आणि वाघमारे काही पुन्हा आमच्या दारात येत नाहीत. झालं! त्याच संध्याकाळी आत्याच्या पुढ्यात जाऊन बसले. "मला मशेरी शिकव."

"येडी झालीस काय गं?"

पहिल्या बोटालाच घर गरगर फिरलं. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या दारात ओकले. पोरं घरी जाऊन आयांना करून दाखवायची, बाई कशा ओकतात ते! पण मी हटले नाही. चहाआधी लावली, चहानंतर लावली. आत्याची डबी मीच संपवायला लागले. ती बिचारी तव्यावर नवी भाजायची आणि मला शिव्या घालायची.

पुढच्या खेपेला वाघमाऱ्यांनी थुंकी घेतली, आणि जाताना आत्याला हळूच विचारलं, "ह्यांचे वडील माथेरानहून कधी उतरतात?"

आत्या फुलली. "आपल्यातलाच हाय गं. पोरगा सरळ हाय." त्या आनंदात मी आणखी एक बोट फिरवलं.

त्यानंतर ते आले, तेव्हा मी तयारीतच होते. थुंकीत काही कमी पडायला नको, म्हणून चिमूटभर मशेरी नुकतीच तोंडात घेतलेली. ते ओट्यावर बसले. हसले नाहीत.

"रिपोर्ट आला. तुमच्या आत्यापेक्षा तुमचाच आकडा मोठा आहे."

मी जिंकल्यासारखी मान डोलावली. तोंड बंद!

"खरं सांगू?" ते खाली बघत म्हणाले. "पहिला रिपोर्ट कोरा आला, तेव्हा मला वाटलं, मी परत यावं म्हणून तुम्ही खोटं सांगितलंत. फार बरं वाटलं होतं. तुमच्या वडिलांना भेटायचं ठरवलं होतं. पण माझी आई मशेरीपायीच गेली, तोंडाच्या आजारानं. आमच्या घरात परत मशेरी नको, म्हणून एकदा खात्री करून घेतली. पहिली बाटली लॅबोरेटरीत बदलली गेली असणार, माझाच गैरसमज झाला."

गैरसमज? अहो, तुम्हाला तर सगळं बरोबर कळलं होतं! पण हे मी बोलू कशानं? तोंड उघडलं तर काळी लाळ साडीवर! नुसते हात हलवले, "अंहं, अंहं" केलं. परसात धावले, थुंकले, चूळ भरली. तरी दात काळेच. अशा दातांनी त्या माणसापुढे कसं जायचं, म्हणून राखेनं दात घासत बसले! पुढे आले तर ओटा रिकामा. पदर खोचून हायवेपर्यंत पळाले. पनवेलची गाडी वळताना दिसली, तेवढीच.

पुढं माझं लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, सगळं रीतसर झालं. तरी खरं सांगते, अजून कुणी खांद्याला काही अडकवून फाट्यावर उतरलं, की मी थांबून बघते. त्या दिवशी एक वाक्य बोलता आलं असतं तर? फार नाही, एकच. या वयात असलं काही वाटू नये म्हणतात. वाटतं त्याला काय करू?

आणि तेव्हा काय झालं माहितीये? पुढच्या महिन्यापासून वाघमाऱ्यांच्या जागी एक टक्कलवाले वडीलधारे गृहस्थ यायला लागले. माझं नाव कुठं कटलं होतं! बायकांना समजावून सांगायचे, मशेरी सोडा. कितीतरी जणींनी सोडली. आमच्या आत्यानंसुद्धा सोडली. मला मात्र सुटेना. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या, पोरांना शिकवणाऱ्या. ही सवय तुम्हाला लावली तरी कुणी?"

मी म्हटलं, "तुमच्याच लॅबोरेटरीनं!"