पंख्याखालची जागा

शिंपी मास्तर म्हणजे प्रेमळ माणूस, पण प्रेमातसुद्धा माप चुकतं बरं का! दुकान एवढंसं. दाराशी मास्तरांचं कापायचं टेबल, आत भिंतीलगत बायकोचं मशीन. कापड बेतताना मास्तरांच्या तोंडात सिगारेट हवीच, नाहीतर म्हणे कात्री तिरकी चालते. बायकोला धुराचा त्रास नको म्हणून त्यांनी हौसेनं हवा बाहेर फेकणारा पंखा आणला आणि बसवला कुठे, तर थेट तिच्या डोक्यावर!

"बस आता राणीसारखी," म्हणाले.

वर्षं सरली. दुकान बंद करून दोघं तळ्यापर्यंत फिरायला जात. पण हल्ली बाई विजेच्या खांबापाशीच थांबायच्या. पोटरीत गोळा यायचा.

"नाटकं तुझी," मास्तर चिडवायचे.

"तुमच्या तंगड्या लांब, तुम्हाला काय होतंय!"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले. "सिगारेट ओढता?"

"इश्श! जन्मात नाही."

"मी ओढतो," मास्तर छाती काढून म्हणाले, "पण हिला धूर लागू देत नाही. हिच्या डोक्यावर पंखा लावलाय ना!"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमचा सगळा धूर यांच्या तोंडावरूनच बाहेर जातो की हो, मास्तर. रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, तेव्हा ती रुंदावते. दुसऱ्याच्या धुरानंही ते अस्तर बिघडतं, वाहिनी ताठरते, अरुंद होत जाते, मग चालताना पायाला रक्त पुरत नाही आणि गोळा येतो. धूर थांबवा, औषध घ्या, रोज चाला. थोडंफार सावरेल."

अस्तर बिघडल्यावर कोटाचं काय होतं, हे मास्तरांना कोणी सांगायला नको होतं. परतीच्या वाटेत ते मान खाली घालून चालत होते.

"अहो, पंखा मायेनंच लावलात ना?" बाई म्हणाल्या. "मग तोंड कशाला पाडायचं?"

झालं! मास्तर भर रस्त्यात रडले.

सिगारेट सुटली, पण सुखासुखी नाही. तोंडाला चाळा हवा म्हणून मास्तर कापडावर खुणा करायचा खडू चघळू लागले. ओठ पांढरेफटक.

"मास्तर, भिंत रंगवत होतात का?" गिऱ्हाईक विचारी, आणि बाई हसून हसून मशीनवर डोकं टेकवत.

संध्याकाळी खांब आला, की आता मास्तरच आधी थांबायचे, चपलेशी खटपट करत. बाईंना थांबायची लाज वाटू नये म्हणून. एकदा असेच वाकले, वर बघतात तर बाई खांब ओलांडून पुढे!

"चला की," त्या वळून म्हणाल्या, "नाटकं तुमची!"

मास्तर मात्र वाकलेलेच राहिले. चप्पल केव्हाच नीट झाली होती, डोळे तेवढे पुसायचे होते.