उधाणाच्या दिवसांचे आकडे

तिला सगळे आकडेबाई म्हणत. खरं नाव बंदराच्या कार्यालयातल्या हजेरीपत्रकावर होतं, आणि ते तिथंच राहायचं.

काम म्हटलं तर एवढंसं. रोज दिवसाच्या भरतीला धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचं, शेवटच्या पायरीवर उकिडवं बसायचं आणि पाण्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या खांबावर पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं. वहीत तारीख, वेळ, आकडा लिहायचा. झालं. आधी तिचा नवरा हे काम करायचा, एकोणीस वर्षं. तो गेल्यावर कार्यालयानं ते तिला दिलं, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

खांबाकडे वाकण्याआधी ती हात जोडायची. पूर्वी काहीतरी मागायची, मुलीचं सुखरूप व्हावं, नवऱ्याचा खोकला जावा. नवरा गेल्यापासून हात आपोआप जोडले जायचे, पण तोंडात काही येत नसे. देवालाही त्याची सवय झाली असावी. मुलगी फोनवर विचारायची, "आई, बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." आणि ते खोटंही नव्हतं. दुखत काहीच नव्हतं. पाय आखडून बसलं की त्याला मुंग्या येतात आणि मग तो आपला वाटेनासा होतो, तसं काहीसं आत झालं होतं.

परत येताना वाटेतला चहावाला हटकायचा. "काय आकडेबाई, आज किती?"

"गेल्या वर्षी याच दिवशी होतं त्याच्यापेक्षा बोटभर वर."

"बोटभरच ना? मग अजून बुडायला अवकाश आहे. घ्या चहा."

हे असं इतकी वर्षं चाललं होतं. मग एक दिवस कार्यालयाच्या फळ्यावर कागद लागला. सगळ्या जगातच समुद्र वर येतो आहे, तेव्हा खालच्या वस्तीतल्या लोकांना वेळेत टेकडीवर न्यायचं, असं सरकारनं ठरवलं होतं. सभा झाली. कागदी पेल्यांतून चहा दिला गेला, पडद्यावर नकाशा दाखवला, नकाशात एक लाल रेघ. रेघेखालच्या घरांना टेकडीवर नवी घरं मिळणार आणि जुनी पाडली जाणार. रेघेवरची घरं जिथल्या तिथं राहणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगलंच काम होतं, नाही कोण म्हणणार?

आठवडाभरात रंगारी आला, बादली आणि ब्रश घेऊन. आकडेबाईचं घर आणि तिच्या थोरल्या जावेचं घर एकमेकांना चिकटून, मध्ये एकच भिंत. दोघींचेही नवरे गेलेले. धाकटीचं दार रस्त्याला लागून, थोरलीचं गल्लीच्या चढावर, चार पायऱ्या वर. रंगाऱ्यानं धाकटीच्या चौकटीवर लाल फुली मारली आणि तो पुढं निघाला.

"अहो, इकडे विसरलात," थोरली दारातून ओरडली.

"तुमचं रेघेच्या वर आहे, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस रे? टक्कल तुला पडलंय, मला नाही." थोरली गुडघ्यावर हात ठेवत एक पायरी उतरली. "गेल्या वर्षी माझ्या पलंगाखाली चपला तरंगत होत्या."

"यादीत नाही आजी, मी काय करू?"

"काय नाही यादीत? चपला नाहीत की पाणी?"

रंगारी हसला आणि गेला. संध्याकाळी चहाला धाकटीकडे बसल्यावर थोरली म्हणाली, "माझ्या घरात आलेलं पाणी सरकारी नव्हतं वाटतं." आणि आपल्याच बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. धाकटीही हसली, पण जरा उशिरा. बत्तीस वर्षं दोघी एका भिंतीला पाठ लावून झोपत होत्या. आता आपण एकटीनं टेकडीवर जायचं आणि थोरलीनं खाली राहायचं, हे तिच्या डोक्यात शिरत होतं पण बसत नव्हतं.

हरकती घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. अकराव्या दिवशी आकडेबाई कार्यालयात गेली. रेघेचं काम बघणारी अभियंता बाई तरुण होती, सर्दीनं बेजार. नाक पुसत पुसत तिनं संगणकाचा पडदा आकडेबाईकडे वळवला.

"हे बघा मावशी. हे सगळे तुमच्याच वह्यांमधले आकडे. एकतीस वर्षांत सगळ्यात वर पाणी गेलं ते या दिवशी. त्याच्यावर आणखी हातभर धरून रेघ काढली आहे. तुमच्या जाऊबाईंची खालची पायरी त्या रेघेच्याही चार बोटं वर येते."

आकडेबाईनं तारीख वाचली. तो दिवस तिच्या लक्षात होता. लख्ख ऊन होतं, तिनं सगळ्या गाद्या वाळत घातल्या होत्या. गाद्या भिजल्या होत्या त्याच्या आधीच्या तीन दिवसांत.

"त्याच्या आधीचे तीन दिवस?" तिनं विचारलं.

अभियंता बाईनं बोट सरकवलं. "ते कमी आहेत. हळूहळू चढत गेलेले दिसतात."

ते हळूहळू का चढत गेले होते, हे त्या खोलीत फक्त आकडेबाईला माहीत होतं. उधाणाच्या भरतीला वारा असला की धक्काच पाण्याखाली जायचा. टोकाला जाणं म्हणजे जीव द्यायला जाणं. खांब तर दिसायचाही नाही. अगदी सुरुवातीला नवऱ्यानं अशा दिवशी वहीत जागा कोरी सोडली होती. ती वही लाल गोल करून परत आली. वर शेरा, कोरी जागा चालणार नाही. तेव्हाच्या मोठ्या कारकुनानं त्याला शहाणपण शिकवलं होतं. आदल्या दिवसाचा आकडा घ्या, नंतरच्या दिवसाचा घ्या, मधला काढून भरून टाका, कुणाचं काही बिघडत नाही. नवऱ्यानं तसं केलं. मरताना तिला खांबाची, वहीची, पेन्सिलला टोक करायची सगळी रीत सांगितली, त्यात हीसुद्धा सांगितली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोरं सोडण्यापेक्षा भरलेलं बरं, असंच शाळेतही शिकवलं होतं.

म्हणजे जे दिवस सगळ्यात उंच, तेच वहीत नव्हते.

ती घरी आली. वाटेत चहावाल्यानं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं. थोरली उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती. धाकटी उभ्याउभ्याच सांगायला लागली आणि सगळं सांगून झालं तरी उभीच राहिली.

थोरलीनं सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणजे ज्या दिवशी पाणी माझ्या घरात होतं, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"तुमच्याच घरात होते, जाऊबाई. बादलीनं पाणी काढत होते."

"आणि वहीत?"

"मधला आकडा."

थोरलीनं अभ्रा मांडीवर सपाट केला.

"भाऊजींनी शिकवलं हे तुला?"

"कार्यालयानं त्यांना. त्यांनी मला."

"त्यांचं अक्षर किती सुंदर होतं गं," थोरली म्हणाली आणि सुई पुन्हा हातात घेतली. "लिहून दिलंस तर त्यांचं नाव येईल त्यात."

"येईल."

"तुझी नोकरी?"

"जाईल बहुतेक."

"मी तुला लिही म्हणणार नाही, धाकटे. लिहू नको असंही म्हणणार नाही. तेवढी मी चांगली नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "बस आता. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी."

दुसऱ्या दिवशी भरती दुपारी होती. सकाळी आकडेबाईनं देवापुढे दिवा लावला आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात एक पान लिहिलं. ज्या दिवशी धक्का बुडतो त्या दिवशी आकडा वाचलेला नसतो, तो काढलेला असतो. हे माझ्या पतीच्या वेळेपासून आहे. असे दिवस अमुक अमुक. त्या दिवसांत पाणी माझ्या जावेच्या घरात चौथ्या पायरीच्या वर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खाली सही. पतीचं नाव तिनं पूर्ण लिहिलं.

अभियंता बाईनं ते पान दोनदा वाचलं. "असे किती दिवस असतात, मावशी?"

"यांच्या वेळी वर्षाला सात-आठ. आता वीस-बावीस."

"आणि नेमके तेच सगळ्यात उंच."

"हो."

अभियंता बाई उठली, खिडकी लावून आली, पुन्हा बसली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "जगभर असे खांब आहेत. सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी जातात, तुमचेही गेले. त्यावरून पुढच्या पन्नास वर्षांचे अंदाज निघाले. त्या अंदाजांवरून नियम झाले, नियमांवरून ही रेघ, आणि रेघेला मंजुरीही आली." तिनं नाक पुसलं. "सगळ्याच खांबांवर असंच होत असेल तर?"

आकडेबाईला बाकीच्या खांबांचं काय ठाऊक?

"रेघ पुन्हा काढायची तर सगळंच थांबेल. ऐंशी घरांचं हलणं थांबेल, आलेला निधी परत जाईल. ते मी करणार नाही. तुमचं पान हरकत म्हणून जोडते. दुसऱ्या टप्प्यात बघतील."

"दुसरा टप्पा कधी?"

"तीन-चार वर्षं. खरं सांगायचं तर नक्की नाही."

"मग माझं नाव काढा आणि जाऊबाईंचं घाला."

"तसं होत नाही. तुम्ही जागा सोडली तर ती यादीतल्या पुढच्या घराला जाते. त्या तर यादीतच नाहीत."

आकडेबाईनं पिशवी उचलली आणि मग विचारलं, "माझ्यावर काय कारवाई?"

"कसली कारवाई? पुढच्या महिन्यापासून खांबाला यंत्र बसतंय. माणसाची गरजच नाही." आणि मग, जरा ओशाळून, "तुम्हाला पत्र येणारच होतं."

घरी येऊन धाकटीनं सांगितलं, "मी जात नाही वर. इथंच राहते तुमच्याकडे."

"डोकं फिरलंय का तुझं?" थोरली कडाडली. "दोघी मिळून भिजणार? त्यात काय शोभा? तू वर जा. पाणी आलं की मला जायला वर कुणाचं तरी दार हवं की नको? का त्या टकल्या रंगाऱ्याकडे जाऊ?"

तेव्हा ती गेली. एका टेम्पोत सगळं मावलं. टेकडीवर एकसारख्या घरांच्या रांगा, ओल्या सिमेंटचा वास, नळाला चोवीस तास पाणी. खिडकीतून खाडी दिसायची, उन्हात टाकलेल्या पत्र्यासारखी, हलतेय की नाही तेही कळत नसे. सकाळी ती देवापुढे हात जोडायची आणि मग करायला काही नसायचं. भरतीची वेळ झाली की पाय दाराकडे वळायचे. दारात जाऊन ती उभी राहायची आणि परत यायची. शेजारीण म्हणाली, "किती छान हवा आहे नाही इथे?" ती म्हणाली, "हो, छान आहे."

धाकटी हलली आणि पंधरा दिवसांत तिचं खालचं घर पाडलं. नियमच तसा होता. मग मधली भिंत बाहेरची झाली. तिला बाहेरून गिलावा नव्हता, कधी लागलाच नव्हता. पहिल्या उधाणाला पाणी थोरलीच्या दारातून येण्याआधी त्या भिंतीतून पाझरत आलं.

थोरली दूधवाल्याच्या गाडीत बसून वर आली, गादीची वळकटी आणि औषधांची पिशवी घेऊन. "तुझं घर पाडलं आणि माझ्या घराला दुसरं दार फुटलं बघ," ती म्हणाली. "कुलूप मात्र लावता येत नाही." धाकटीनं चहा ठेवला. दोन दिवस थोरली राहिली. पाणी ओसरलं तशी खाली गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला दूधवाल्यानं विचारलंही नाही, दारापुढे येऊन नुसता उभा राहिला.

त्या तिसऱ्या खेपेला, दुपारचं जेवण झाल्यावर, थोरली खिडकीशी गेली आणि म्हणाली, "उतरलंय. निघते. चिखल वाळला की खरवडावा लागतो."

धाकटीनं मोरीतला खराटा आणि बादली घेतली.

"तू कशाला? तुझं सुटलं ना सगळं?"

"तुमचे गुडघे घासणार आहेत का लादी?"

दोघी चालतच खाली गेल्या. वाटेत चहावाल्याची जागा रिकामी होती, त्यालाही वर गाळा मिळाला होता. घरात चिखल एकसारखा पसरला होता, पलंगाचे पाय निम्म्यापर्यंत काळे झाले होते. थोरली पाणी ओतायची, धाकटी घासायची.

"पुढच्या वेळी दोन दिवस आधीच या," धाकटी म्हणाली.

"बघू."

"बघूबिघू काही नाही, जाऊबाई. या. कायमच्याच या."

"घराच्या कागदावर तुझं एकटीचंच नाव आहे ना? उद्या कुणी येऊन मोजलं म्हणजे?"

"मोजू दे."

थोरली पायरीवर टेकली. श्वास जमेपर्यंत तिनं बादली मांडीवरच धरून ठेवली. "वर मला झोप लागत नाही गं," ती म्हणाली. "पण येईन."

धाकटीनं मान हलवली. तिला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, वाईटही वाटलं नाही. तिनं पलंग एका बाजूनं उचलला, गुडघ्यानं तोलून धरला आणि त्याखालचा कोपरा घासायला घेतला.