केसरीनाथ गुरुजी स्कॅन झाले

अंजूरच्या खाडीकडून वारा सुटला की पूर्वी भाताचा वास यायचा, आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचा येतो. म्हैस पाण्यात बसावी तशी गोदामं शेतांवर बसली आहेत, उठायचं नाव नाही. त्यांच्या मधोमध एक शाळा आहे आणि शाळेत केसरीनाथ गुरुजी आहेत. एक गोदाम त्यांच्याही शेतावर बसलंय. त्याचं भाडं येतं, म्हणून गुरुजी साहेबाबिहेबाला भीत नाहीत. भितात ते फक्त थोरल्या बहिणीला, कमळताईला.

त्या कमळताईच्या मुलाची, प्रितमची हळद ठरली होती. या गावांत लग्न म्हणजे हळदीनंतर उरलेलं काम. हळदीत मामा नाचला नाही, तर डीजेवाल्याने आपली खोकी उचलून घरी जावं.

आणि नेमकं त्याच दिवसांत शिक्षकांचं मोबाईल ॲपचं प्रशिक्षण लागलं. शहापूरला, मुक्कामी.

केंद्रप्रमुख विनिता मॅडम यादी घेऊन आल्या. एकेकाळी याच शाळेत गुरुजींनी त्यांचे कान पिळले होते. आता पाळी मॅडमची होती.

"गुरुजी, तुमच्या फोनात ॲप कोणती?"

"हायत ना. एक भरती-ओहोटीचं, एक गाण्यांचं."

"आणि शाळेचं?"

"शाळा माझ्या डोक्यात हाय."

"मग डोकं शहापूरला न्या."

गुरुजींनी हळदीची अडचण सांगितली. मॅडम जरा विरघळल्या. "शुक्रवारी येते. एक ॲप वर्गात नीट चालवून दाखवा. यादीतलं नाव खोडते."

गुरुजींनी फोनाशी कुस्ती मांडली. एका ॲपने भिंतीवर पृथ्वी फिरवली, पण वीज गेली आणि पृथ्वी थांबली. दुसऱ्यात हजेरी लागायची, पण रेंजसाठी वर्ग घेऊन टाकीवर चढावं लागलं असतं. तिसरं पटलं. त्यात पोरांकडे फोन असायची गरज नव्हती. प्रत्येकाला काळ्यापांढऱ्या चौकोनांचं एक कार्ड द्यायचं, कार्डाच्या चार बाजूंना अ, ब, क, ड. उत्तराची बाजू वर करून पोरांनी कार्ड धरायचं आणि गुरुजींनी वर्गावरून फोन फिरवायचा. कोण बरोबर, कोण चूक, ते फोन सांगतो. गुरुजींनी ते घरी पाटावर कार्डं मांडून करून पाहिलं. वर्गात करून पाहायची गरज त्यांना वाटली नाही. आपली पोरं आपल्याला माहीत आहेत.

शुक्रवारी मॅडम मागच्या बाकावर बसल्या. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"पोरांनो, कार्ड वर धरा. मी तुम्हाला स्कॅन करतोय."

पोरांनी कार्डं हळूच मांड्यांखाली सरकवली. फोनात एकही विद्यार्थी दिसेना. गुरुजींच्या डोळ्यांपुढून डीजेची गाडी निघून गेली.

"सोनल, कार्ड कुठंय?"

सोनल दुसरीतली. तिची आई चंद्रा डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन पलीकडच्या गोदामात खोकी भरायची.

"न्हाय देत, गुरुजी."

"का न्हाय?"

"आई बोलते, स्कॅन झालेला माल गाडीत चढतो. मग कुठं जातो ते कोणाला म्हायती न्हाय."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. यात शंका घेण्यासारखं त्यांना काहीच वाटत नव्हतं. त्यांच्या घरी कोणी ना कोणी रोज हेच बघून येत होतं.

गुरुजींना रागवायचं होतं, पण कोणावर, ते सापडेना. मग ते सोनलच्या बाकात शिरले. बाक कुरकुरला. फोन तिच्या हातात दिला आणि तिचं कार्ड स्वतःच्या छातीवर धरलं.

"घे. आधी मला कर."

सोनलने फोन धरला. टिंग झालं. सगळी पोरं खिडकीकडे वळली. रस्त्यावर एक ट्रक थांबला, पीं पीं करत मागे आला. ट्रक वळला आणि निघून गेला.

"हाय का न्हाय इथंच?" गुरुजी म्हणाले.

एकेक कार्ड वर आलं. सोनलचं सोडून. ती म्हणाली, "गाडी संध्याकाळी पण येते."

मॅडमनी हसून ओले झालेले डोळे पुसले. "गुरुजी, शिकणाऱ्यांच्या यादीतून नाव खोडलं."

"ताईला कळवतो."

"थांबा. शिकवणाऱ्यांत घातलं. असंच बाकात शिरून दाखवायचं शहापूरला."

"तारीख कंची?"

"तीच."

सोमवारी शाळेच्या फाटकावर गाडी आली. पिशवी घेऊन गुरुजी चढले. सोनलने वर्गाकडे नुसतं पाहिलं. स्कॅन झालेला माल गाडीत चढला होता.

हळदीला मामा फोनात आला. शहापूरच्या खोलीत केसरीनाथ गुरुजी बनियनवर नाचले आणि अंजूरच्या मांडवात कोणीतरी तो फोन डोक्यावर घेऊन नाचला. कमळताईने फोनच्या काचेवर हळद फासली. "ये तू घरी," एवढंच बोलली.

गुरुजी परतले तेव्हा वर्ग उभा राहून बघू लागला. सोनल पुढे आली. तिने त्यांना पुढून पाहिलं, मग मागून.

"रिटर्न आले, गुरुजी?"

"आलो."

"कुठं फुटलं न्हाय ना?"

"ताईच्या घरी अजून जायचंय."

ती जागेवर गेली, मांडीखालचं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. प्रश्न अजून कोणी विचारलाच नव्हता.