दह्याला लागलेला वायरस

पाडव्याला सहा दिवस उरले होते आणि माझ्या घरात दही लागेना.

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच यमुनेपलीकडच्या नव्या सोसायटीत आलो होतो. निम्म्या फ्लॅटना अजून कुलपं, रस्ता कच्चा, पण गच्चीवर केबलच्या तारांचं जाळं. मराठी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंड दरवर्षी करोल बागेतल्या एका दुकानातून यायचं. त्या वर्षी मीच सभेत उठून म्हटलं होतं, "ते श्रीखंड आहे की पिठलं? यंदा मी करते." साठ पानं होती. चक्का झाला नाही तर तोंड लपवायला जागा नव्हती.

पहिल्या दिवशी दूध पातळच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच न लागलेल्या दह्यातलं दुप्पट विरजण घातलं. तिसऱ्या दिवशी वाटीभर ओतलं. दूध होतं तसंच. मग मी सुनेवर घसरले.

"कावळा शिवला होता ना तुला? भांड्याला हात लावला असशील."

"बिल्कुल नाही, आई. मी किचनमध्ये आलेच नव्हते."

"मग दही काय माझ्यावर रुसलं?"

ती रडणाऱ्यातली नव्हती. तडक वर गेली आणि वरच्या मजल्यावरच्या बाईला घेऊन आली. ती बाई हरियाणाची, एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला. बोलायची हिंदीत. मी चौथीच शिकले, पण दिल्लीत राहून हिंदी पक्की झाली होती. तिनं पातेलं हुंगलं.

"आंटी, चक्क्याचं पाणी कुठं टाकता?"

"टाकते कशाला? कणीक मळते, कढी करते. थोडं सांडतं ओट्यावर."

"आणि विरजण?"

"पंधरा वर्षं एकच. दुसऱ्याच्या घरचं कधी घातलं नाही."

"म्हणूनच. तुमच्या दह्याला वायरस लागलाय. त्या सांडलेल्या पाण्यातून तो भांड्याभांड्यांत पसरतो, आणि विरजण एकच असलं की त्याचं फावतं."

मी हसले. दह्याला काय सर्दी होते? पण ती ओट्याला टेकून सांगत गेली आणि माझी तव्यावरची पोळी करपली.

दही लावतात ते जिवाणू. एकेक जिवाणू म्हणजे एकच पेशी. वायरस त्याहून कितीतरी लहान, आणि पेशीसुद्धा नव्हे. बाहेर कवच, आत आपल्यासारखे आणखी कसे बनवायचे याचा मजकूर, एवढंच त्याचं सगळं. खात नाही, श्वास घेत नाही. एकटा असला तर धुळीसारखा पडून राहतो. पण जिवाणूच्या अंगावर त्याला जुळणारी जागा सापडली की चिकटतो आणि मजकूर आत सोडतो. कवच बाहेरच राहतं. मग तो जिवाणू दह्याचं काम सोडून वायरसच घडवत बसतो. शेवटी फुटतो, आणि आतून निघालेले सगळे पुढच्या जिवाणूंवर बसतात.

"माणसाची सर्दी, कांजिण्या, तिथंही असंच. ते वायरस आपल्या पेशीत शिरतात आणि तिच्याकडून काम करून घेतात," ती म्हणाली. "हा दह्यातला मात्र आपल्याला काही करत नाही. त्याला तुमचेच जिवाणू लागतात."

"म्हणजे मी रोज वाढवून वाढवून विरजण घातलं ते..."

"त्याची पंगत वाढली, आंटी!"

मला भयंकर मजा वाटली. इतकी वर्षं मी दूध विरजत होते आणि पातेल्यात एवढी लढाई चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं! म्हटलं, खरं करून दाखव.

हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, माझी नणंद राहायची. तिच्याकडे माझंच विरजण होतं, मीच दिलेलं. मुलानं स्कूटरवरून ते आणलं. तीन वाट्या उकळत्या पाण्यातून काढल्या. पहिलीत दूध आणि नणंदेकडचं विरजण. दुसरीत तेच, आणि वर माझ्या बिघडलेल्या दह्याचं चमचाभर पाणी. तिसरीत नाक्यावरच्या हलवायाचं दही आणि तेच बिघडलेलं पाणी. त्या दुपारी मी आडवीसुद्धा झाले नाही. दर अर्ध्या तासानं झाकण उचलायची. सून ओरडायची, "आई, हलवू नका ना!"

संध्याकाळी पहिली वाटी घट्ट. दुसरी पाणी. तिसरी घट्ट! मी ती उलटी धरली, थेंब पडला नाही. हलवायाचे जिवाणू वेगळ्या जातीचे होते. माझ्या घरातल्या वायरसला त्यांच्यावर चिकटायला जागाच नव्हती. पंधरा वर्षं जपलेलं माझं सोवळं विरजण मात्र एका चमच्यात आडवं झालं होतं.

सून वाटी बघत म्हणाली, "आई, वायरसला पण कावळा शिवतो का हो?"

"तोंड आवर आणि दूध तापव."

फडकी उकळली, पातेली उकळली, ओटा उकळत्या पाण्यानं धुतला. विरजण सुनेनं लावलं, हलवायाचंच. सकाळी बोट बुडेना इतकं घट्ट.

पाडव्याला श्रीखंड वाढताना मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "काकू, विरजण माहेरचं ना? हे बाजारात नाही मिळायचं."

"बाजारचंच आहे. नाक्यावरच्या हलवायाचं. आणि लावलं हिनं. माझं मेलं."

"मेलं म्हणजे?"

मी पातेलं खाली ठेवलं आणि सुरुवात केली, कवच, आतला मजकूर, फुटलेला जिवाणू, सगळं. अर्ध्या पंगतीचे हात थांबले. कोपऱ्यातून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो वहिनी, आधी इकडे वाढा!"