हापूसची विमानं

बाबा लढाईच्या काळात हवाई दलात मेकॅनिक होते. रत्नागिरीला परतल्यावर दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना ते पेंढ्यावर पाच हापूस विमानांसारखे मांडायचे. एकत्र उडताना त्यातली दोन एकमेकांवर कशी आदळली, ते आंबे आपटून दाखवायचे.

"आणि दोन्ही वैमानिकांच्या हवाई छत्र्या उघडल्या!" म्हणाले की आम्ही टाळ्या पिटायचो. दबलेले आंबे पेटीत जात नसत. एक आम्ही खायचो. दुसरा मात्र बाबा आंब्याच्या कलमाखाली ठेवून यायचे.

बाबा गेल्यावर आईने सांगितलं, दुसरी छत्री उघडलीच नव्हती. तो वैमानिक बाबांचा जिवलग दोस्त होता.

आता गोष्ट माझ्याकडे आली आहे. मी मूळचा थापाड्या, त्यामुळे पाचाची बारा विमानं झाली. बायको म्हणते, "अहो, एवढी विमानं पाडलीत तर मुंबईला पाठवायचं काय?"

यंदा आंबे आदळल्यावर पुतणीने विचारलं, "काका, दुसरा वाचला?"

मी आईकडे पाहिलं.

"वाचला गो बाय," आईच म्हणाली. "छत्री उघडली ना त्याची!"

मग तो दबलेला आंबा उचलून ती कलमाखाली ठेवायला गेली.