सासूबाईंचा तांब्या
बेसमेंट आवरताना सासूबाईंचा पितळी तांब्या हाताला लागला आणि युटाचं ते लालभडक वाळवंट डोळ्यांपुढे आलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, भाड्याने घेतली होती आणि यांना आठवड्याभरात सगळे कॅन्यन उरकायचे होते. आरव्हीतला संडास शेगडीला खेटून, म्हणून सासूबाई तो वापरायच्या नाहीत; गाडी थांबली की तांब्या घेऊन खडकाआड जायच्या. त्या दुपारी इंजिन तापलं म्हणून थांबलो होतो. मागचा पडदा ओढलेला, तेव्हा आई झोपलीय असं समजून यांनी गाडी काढली. तासाभराने थर्मासमधला चहा द्यायला मी पडदा सारला, तर बंकवर नुसती शाल. “आई मागेच राहिल्या!” मी ओरडले. यांनी गाडी तिथूनच मागे वळवली. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि सगळे खडक सारखेच. शेवटी एका खडकाच्या सावलीत त्यांचं पांढरं पातळ दिसलं. “झालं पुढचं बघून?” त्यांनी शांतपणे विचारलं. यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. अजूनही गाडी सुरू करण्याआधी हे वळून मागची सीट बघतात. तिथे आता कुणीच नसतं.